खांबावरचे पट्टे

४ फेब्रुवारी

वहिनी,

या पत्राच्या आगेमागे तुझ्या दारात एक लाकडी खोकं येऊन पडेल. कातड्याच्या व्यापाऱ्याचा ट्रक तुमच्या बाजूला जातो, त्याच्या ड्रायव्हरला मी पटवलंय. खोकं जड आहे. एकटीने उचलायला जाऊ नकोस, कंबर धरेल.

आत शिवणाचं मशीन आहे. मोटर नाही, पायडल नाही. एक मोठं चाक आणि त्याला दांडा, तो हाताने फिरवायचा. चपला-बूट दुरुस्त करणारे वापरतात. स्वस्तातलं आहे आणि दिसतंही तसंच. ओतीव लोखंडाला हिरवा रंग फासलाय, तोही घाईघाईत. पण कातडं शिवतं. आमच्या बॅगदुरुस्तीच्या दुकानात मी असंच एक रोज चालवते. पर्सचे बंद, सुटकेसच्या मुठी, दप्तरांचे कोपरे, सगळं त्याच्यावरच.

दादाला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला, हे तू कळवलंस तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. डावा हात तर शाबूत आहे ना? चाक फिरवायला एक हात पुरतो. कातडं धरायला तू आहेस. त्याचं पट्ट्यांचं दुकान बंद पडायचं काही कारण नाही.

आता दादाबद्दल. मी त्या दुकानात बसते म्हटल्यावर त्याने घर डोक्यावर घेतलं आणि मी इकडे निघून आले, तेव्हापासून त्याने मला एक ओळ लिहिलेली नाही. त्याची मला सवय झाली आहे. पण एवढं दुखणं काढल्यावर तरी तुला सांगून दोन शब्द लिहवून घ्यायला काय हरकत होती? मुका झालाय का? हे त्याला मोठ्याने वाचून दाखव, माझ्या नावाने.

मशीन पोचलं की कळव.

तुझी नणंद


२१ फेब्रुवारी

वन्सं,

खोकं पोचलं. ड्रायव्हर आणि समोरचा न्हावी अशा दोघांनी मिळून आत आणलं. न्हावी म्हणाला, "काय हो, तोफ मागवलीत?" त्याला मशीन दाखवलं तरी त्याचं तोफेवरून मन हटेना.

तुम्ही आठवण ठेवलीत, बरं वाटलं. हे म्हणाले, बहिणीने चांगलं केलं.

मशीन बाहेरच्या खोलीत, ह्यांच्या बाकावर ठेवलंय. बाकावरची हत्यारं मी हलवली नव्हती, ती आता कपाटात ठेवली. कातडं कापायची रापी आणि भोकं पाडायच्या आऱ्या तेवढ्या वर राहू दिल्या. हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बघत होते.

तुम्ही म्हणता तसं ते अगदीच घाईत केलेलं दिसतं. सगळ्या अंगाला काळं, चिकट वंगण होतं. रॉकेलच्या चिंध्यांनी पुसताना बोट कापलं, कारण लोखंडाच्या कडा तशाच धारदार सोडल्या आहेत. चाक फिरवलं की एका ठिकाणी अडतं आणि कडकड वाजतं. पहिल्या दिवशी दोन सुया मोडल्या. दोरा खाली जाऊन गुंतला तो असा, की कात्रीने कापून काढावा लागला. कातडं दाबून धरणाऱ्या पायाला दात आहेत. त्यांचे व्रण कातडं मऊ असलं की तसेच राहतात, मांजर चालून गेल्यासारखे.

ह्याला काही उपाय आहे, की हे असंच असतं? मी शिवणकाम केलंय ते कपड्यांचं. कातड्याच्या धंद्यात मी आजवर फक्त कडा घासल्या आणि रंग लावला.

ह्यांची तब्येत ठीक. पाय ओढत पण घरातल्या घरात चालतात. काळजीचं कारण नाही.

तुमची वहिनी


२ मार्च

वहिनी,

"बहिणीने चांगलं केलं" असं दादा म्हणाला? वाचून मी दुकानात चक्क खाली बसले. मालकीणबाई म्हणाल्या, काय झालं, कुणी गेलं का? म्हटलं, नाही हो, माझ्या भावाने मला चांगलं म्हटलंय. आयुष्यात पहिल्यांदा. दुखण्याने माणूस मऊ होतो म्हणतात, ते खरं असावं.

आता मशीन. ते असंच येतं. विकणाऱ्यांनी ते अर्धं करून विकलेलं असतं, उरलेलं अर्धं आपण करायचं. म्हणून तर स्वस्त. सगळे स्क्रू सोडव. जिथे लोखंड लोखंडाला घासतं तिथे आधी कानस फिरव, मग बारीक काचकागद. दोरा ज्या ज्या भोकातून आणि खाचेतून जातो तिथे बोट लावून बघ. बोटाला खरखर लागली तर दोऱ्यालाही लागणार. पायाचे दात कानशीने बोथट करून टाक, नाहीतर त्यावर कातड्याचा तुकडा चिकटव. रोज तेल घाल, आणि शिवायच्या आधी एका चिंधीवर चार टाके घाल, म्हणजे जास्तीचं तेल तिथेच गळेल.

सुई मोडते कारण तू कातडं ओढतेस. कपड्याची सवय. ओढू नकोस, मशीनला नेऊ दे. आणि चाक एका लयीत. घाई केलीस की ते सूड उगवतं.

खालच्या दोऱ्याची बॉबिन एवढीशी आहे, सारखी संपते. त्याला इलाज नाही, शिव्या द्यायच्या आणि भरायची.

दादाला विचार, चाकाचा दांडा डाव्या हाताला सोयीचा पडतो का? नसला तर मशीन उलटं बसवता येतं.

तुझी नणंद


१९ एप्रिल

वन्सं,

उत्तराला उशीर झाला, कारण हात मोकळे नव्हते. तुम्ही सांगितलंत तसं सगळं मशीन सोडवलं. सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडले आणि कशाला काय लागतं ते विसरले. दोन दिवस ते तसंच पसरलेलं होतं. शेवटी जुळलं. एक स्क्रू उरला. तो कुठला ते अजून कळलेलं नाही, पण त्याच्यावाचून मशीनचं काही अडत नाही.

आता चालतं. कडकड गेली. आवाज अजून आहे, पण तो आपला दळणाच्या जात्यासारखा, सवयीचा होतो.

आधी दप्तरं आली. शाळेच्या परीक्षा तोंडावर होत्या, त्यामुळे दारात रांगच. मग एका बाईने नवऱ्याच्या बॅगेचा पट्टा आणला, मग बँकेतल्या माणसाने चष्म्याचं घर. टाके सरळ येतात. सुरुवातीला ते दारुड्यासारखे चालायचे.

ह्यांना दांडा डाव्या हाताला बरा पडतो. मधूनमधून फिरवतात.

एक मोठी गोष्ट झाली. तारांचं काम करणारे मुकादम आले होते. तेच ते, ह्यांच्याकडून खांबावर चढायचे पट्टे नेणारे. आत येतानाच म्हणाले, "पट्टेवाले आहेत का?" मी म्हटलं, आहेत, पण त्यांचा हात चालत नाही. ते म्हणाले, "ते माहीत आहे. पण तुमचं मशीन चालतं असं बाजारात ऐकलं." तुम्हाला आठवत असेल, नवीन माणसाला आपलं दुकान सांगितलं की तो विचारायचा, कुठल्या कचेरीत पट्टेवाले आहेत? तशी आता मी पट्टेवालीण झाले.

मुकादमांना सहा पट्टे हवे आहेत. कंबरेचा रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना कड्या, आणि खांबाभोवती टाकायचा लांब पट्टा. कापायचे नमुने ह्यांचेच आहेत, भिंतीला टांगलेले. कातडं दुपदरी, तेवढं मशीन घेतं. जिथे कडी बसते तिथे तिपदरी होतं, तिथे मी कडा तासून पातळ करते.

ह्यांना विचारलं. हरकत नाही म्हणाले.

तुमची वहिनी


२७ एप्रिल

वहिनी,

हे पत्र मिळालं की हातातलं काम खाली ठेव. पट्टे देऊ नकोस.

मी बॅगा शिवते. बॅगेचा टाका सुटला तर आतलं सामान रस्त्यावर सांडतं, माणूस वैतागतो आणि आमच्याकडे येतो. खांबावरचा माणूस कुठे येणार?

मशीनचा टाका दोन वेगळ्या दोऱ्यांचा असतो. वरचा वर राहतो, खालचा खाली, आणि ते मध्ये एकमेकांत अडकतात. एक तुटला की शेजारचे सैल पडायला लागतात. दादाचा टाका हाताचा. एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, एक इकडून, एक तिकडून, दोन्ही त्याच भोकातून. त्यातला एक टाका घासून तुटला तरी बाकीचे आपापल्या जागी घट्ट राहतात. आणि खांबावरचा पट्टा घासतोच, त्याचं कामच ते आहे. त्यात तुझं मशीन नवं आणि हात नवा. खालचा दोरा सरळ रेघेसारखा दिसतोय का बघ. दिसत असेल तर ताण चुकलाय, आणि मग तो टाका नुसता नावाचा.

मला एक समजत नाही. दादा हरकत नाही कसं म्हणाला? डोक्यावर परिणाम झाला असला तरी हे तो म्हणणार नाही. मुकादमांना एकदा घाई होती तर याने त्यांना दारातून परत पाठवलं होतं, पण टाका बदलला नव्हता. तू त्याला नीट विचारलंस का? तो काय शब्द बोलला ते मला जसंच्या तसं लिही.

नणंद


१० मे

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं त्याच्या आधीच सगळं होऊन गेलं होतं. घडलं तसं लिहिते.

पट्टे तयार झाले आणि मुकादमांचा माणूस पाच घेऊन गेला. सहाव्याला बक्कल लावायचं राहिलं होतं, म्हणून तो बाकावर होता. मी आत चहा ठेवायला गेले. बाहेर येऊन बघते तर हे बाकाशी उभे. खुर्चीपासून बाकापर्यंत स्वतःहून गेले होते. पट्टा गुडघ्यांत धरलेला, डाव्या हातात रापी. मी म्हटलं, अहो, काय करताय? तोवर त्यांनी कडीजवळचा एक टाका कापला. एकच. मग रापी ठेवली, दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. दोरा आला. आला म्हणजे येतच राहिला, उसवलेल्या स्वेटरसारखा. वीतभर शिवण उघडली आणि कडी खाली पडली.

ते माझ्याकडे बघत उभे राहिले.

वन्सं, ते काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत. झटक्यात हाताबरोबर वाचाही गेली. कळतं सगळं, आवाजही निघतो, पण शब्द होत नाही. तुम्हाला कळवायचं नाही असं त्यांनी मला खुणेने बजावलं होतं, एकदा नाही, दोनदा. मी ते ऐकलं. बहिणीने चांगलं केलं, दांडा बरा पडतो, हरकत नाही, हे सगळं मी लिहिलेलं. ह्यांनी मशीनला एकदाही हात लावलेला नाही. मशीन आलं त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. पट्ट्यांचं विचारलं तेव्हा त्यांनी हात जोरात हलवला. मी त्याचा अर्थ मला हवा तो काढला.

गॅस बंद केला, चप्पल घातली आणि निघाले. तारवाले कुठे काम करतात ते न्हाव्याला माहीत होतं. कालव्याच्या पलीकडे, नव्या रस्त्याला. तिथवर रिक्षा जात नाही, चालत गेले.

खांबांची ओळ दूरवरून दिसली. वर माणसं होती, चौघं चार खांबांवर. मागे रेलून, दोन्ही हात सोडून तारा बांधत होते. माझ्या पट्ट्यांवर रेललेले. नवं कातडं असल्यामुळे उन्हात खालूनही ओळखू येत होतं.

मुकादम छत्री घेऊन बसले होते. मी म्हटलं, "माणसं खाली घ्या."

"काय झालं?"

"पट्टे बरोबर नाहीत."

"बाई, सकाळपासून त्याच्यावरच आहेत. काही झालं नाही."

"अजून नाही झालं. आधी खाली घ्या, मग बोलू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, पण ते उठले आणि ओरडले. तिघे उतरले. चौथा उतरेना. तो त्यांच्यातला म्हातारा, कानाला कायम विडी लावलेला, त्याला सगळे 'काका' म्हणतात. वरूनच म्हणाला, "गाठ मारायचीय एवढी. संपवून येतो."

मी खांबाखाली जाऊन उभी राहिले. म्हटलं, "काका, रेलू नका. खांब धरा."

"खांब धरला तर गाठ कशाने मारू, दाताने?" असं म्हणून तो हसला आणि मुद्दाम आणखी मागे रेलला.

पुढे बोलले असते तर त्याने आणखी काहीतरी करून दाखवलं असतं. खाली उभी राहून त्याच्या कमरेची शिवण बघत राहिले. तुम्ही लिहिता तशी, खालचा दोरा सरळ रेघेसारखा. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, पण दिसत होतं.

त्याने गाठ पुरी केली आणि उतरला. कुणाला काहीही झालं नाही. मी पाचही पट्टे गोळा केले. सगळ्यांसमोर एक टाका कापून ओढून दाखवला. काकाने ते बघितलं, कानावरची विडी काढली आणि पेटवता पेटवता दोनदा काडी विझवली. मुकादम म्हणाले, "आता माझी माणसं बसून राहणार. तुमच्या यजमानांनी असं कधी केलं नव्हतं." मी म्हटलं, नाही केलं. त्यांनी दुसरीकडे सांगतो म्हटलं. मी म्हटलं, सांगा.

पट्टे खांद्यावर टाकून घरी आले. हे दारात उभे होते. त्यांनी पट्टे मोजले, पाच बघून आत गेले. जेवले नाहीत. मीही नाही.

मशीनवर कापड घातलंय. दप्तरंही घेत नाही सध्या.

तुमची वहिनी


१८ मे

वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

पहिल्या पत्रात मी "मुका झालाय का" असं लिहिलं होतं. ते तू त्याला वाचून दाखवलंस का? खरं ते सांग. आता हरकत नाही वगैरे नको.

तुझ्यावर रागावले होते, दोन दिवस. मग वाटलं, तो खुणेने बजावतो आणि तू ऐकतेस, यात नवं काय आहे? बोलत होता तेव्हाही असंच होतं. आणि मी इथे बसून त्याच्या एका वाक्यावर दोन महिने काढले, ते वाक्य तुझं निघालं. ठीक आहे. वाक्य वाईट नव्हतं.

मी येणार आहे. मालकीणबाई बाहेरगावी गेल्या आहेत, त्या आल्या की निघते. नको म्हणू नकोस.

मशीनवरचं कापड काढ. दप्तरांनी तुझं काय वाकडं केलंय? बॅगांना ते चांगलंच आहे, मी त्याच्यावरच जेवते.

आणि पट्ट्यांचंही ऐक. मशीनमधला दोरा काढून टाक, वरचाही, खालचाही. नुसत्या सुईने चालव. कातड्याला सारख्या अंतरावर, एका रेषेत भोकं पडतील. दादाला आरीने तीच करायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. भोकं तयार असली की मग शिवण हाताने, दोन सुयांनी. त्याला दोन हात लागतात, तुला आहेत. जमेल. बोटांना फोड येतील.

मुकादम गेले तर जाऊ देत. पट्टा एक तरी नीट कर. विकायला नाही, घरात असू दे.

नणंद


१४ जून

वन्सं,

हो, वाचून दाखवलं होतं. तेव्हा वाटलं, वगळावं, पण तुम्ही मोठ्याने म्हणून लिहिलं होतं. ऐकून ते हसले. तोंड एका बाजूला जातं हसताना, म्हणून आधी मला रडतात असं वाटलं. नंतर ते पत्र त्यांनी मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. आता तुम्ही रागवायचं नाही, मीही नाही.

मालकीणबाई आल्या की कळवा. वरच्या माळ्यावरची गादी उन्हात घातली आहे.

दप्तरं परत सुरू केली. आणि तुम्ही सांगितलंत तसं दोरा काढून मशीन फिरवलं. भोकं अशी पडली की बघत राहावं. हे खुर्चीतून बघत होते, या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही.

मग मी कातडं धरायचा लाकडी चिमटा गुडघ्यांत धरला, त्यात पट्टा अडकवला, दोऱ्याला मेण लावलं, दोन्ही टोकांना सुया ओवल्या आणि बसले. उजवी सुई जाते. डावी जाताना माझा डावा हात मुलखाचा वेंधळा. सुई भोकाच्या शेजारी लागते, दोरा दोऱ्यात घुसतो, एक टाका घट्ट आणि एक ढिला. बराच वेळ झाला तरी बोटभरच शिवण झाली होती, आणि तीही वाकडी. हे च्यक् च्यक् करत होते. मी म्हटलं, नुसतं च्यक् च्यक् काय, या ना मग.

आले. स्टूल ओढलं आणि माझ्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. चिमटा आमच्या दोघांच्या मध्ये. त्यांनी माझी शिवण कापून टाकली, सगळी. मग डाव्या हाताने एक सुई उचलली आणि दुसरी माझ्या उजव्या हातात दिली.

तेव्हापासून तसंच शिवतो. एक सुई त्यांच्या बाजूने, एक माझ्या. दोघांनी एकाच वेळी ओढायचं, नाहीतर टाका एका अंगाला जातो. ते "हं" म्हणाले की ओढायचं. पहिल्या दिवशी माझं सारखं चुकायचं आणि ते असं बघायचे की बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांचा हात जोराचा आहे, माझ्या करंगळीची कातडी सोलली. आता तिथे चिंधी बांधते. आम्ही वर्षानुवर्षं एका घरात राहतो, पण एवढा वेळ समोरासमोर कधी बसलो नव्हतो. दोघांनाही त्याचं जरा अवघड होतं. मान खाली घालून शिवतो.

पहिला पट्टा पुरा झाला त्याच आठवड्यात काका आला, तो खांबावरचा म्हातारा. मुकादमांनी पाठवलेला नव्हता. मुकादमांनी दुसरीकडून पट्टे आणले आहेत. हा आपल्या आपण आला, दारातच उभा राहून म्हणाला, "माझ्यापुरता एक हवा होता."

मी पट्टा त्याच्यापुढे ठेवला. त्याने उलटासुलटा केला, शिवणीवरून नख फिरवलं. मग म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण मागचाही असाच दिसत होता."

हे उठले. पट्टा त्याच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या कमरेला बांधायला लागले. एका हाताने बक्कल लागेना, मी लावून दिलं. मग त्यांनी वर बोट दाखवलं, माळ्याच्या लोखंडी तुळईकडे.

मी म्हटलं, "काहीतरीच काय? मी लटकते हवं तर."

त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं आणि हाताने माझं वजन दाखवलं, एवढंसं, चिमूटभर. काका हसायला लागला. वजन ह्यांचं जास्त आहे हे खरंच होतं.

लांब पट्टा तुळईवरून टाकला आणि दोन्ही कड्यांना अडकवला. काकाने ह्यांना बखोटीला धरून स्टुलावर उभं केलं. मी आणखी एकदा म्हटलं, अहो, दुसरं काहीतरी टांगू, पोतं टांगू. त्यांनी ऐकलं नाही. मग कडीजवळचा एक टाका बोटाने दाखवला आणि रापीकडे खूण केली. मला कळलं, पण मी हलले नाही. त्यांनी पुन्हा खूण केली, यावेळी जरा रागाने. मी रापी घेतली आणि आम्ही दोघांनी घातलेला तो टाका कापला. मग स्टूल मीच काढलं.

पट्टा करकरला. कातडं नवं असलं की करकरतं. ते थोडे खाली आले, दचकले, आणि मग थांबले. शिवण होती तिथेच होती. कापलेल्या टाक्याचं टोक बाहेर आलेलं दिसत होतं, त्याच्या शेजारचा टाका जागचा हललेला नव्हता.

ते हळूहळू गोल फिरत होते, एकदा खिडकीकडे तोंड, एकदा माझ्याकडे. मागे रेलून, खांबावरच्या माणसासारखे. पाय अधांतरी. वन्सं, जमिनीवरून सुटल्यावर त्यांचा कुठला पाय लुळा आणि कुठला चांगला, ते ओळखू येत नव्हतं.

काका म्हणाला, "पुरे की. उतरवू का?"

ह्यांनी मान हलवली. नको म्हणून.

तुमची वहिनी